गोळीचं वजन आणि नळीचा पीळ
नाशिकच्या रेंजवर आलेलं नवं पोरगं रायफल खांद्याला लावायच्या आधीच विचारतं, ‘सर, या बॅरलला किती ग्रेनची गोळी चालेल?’ यूट्यूबचा प्रताप! आमच्या पॉइंट टू-टूला, म्हणजे .22 रायफलला, हा प्रश्नच पडत नाही. गोळी 40 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), नळीतल्या खाचांचा पीळ 16 इंचांत एक फेरा, म्हणजे नळीत 16 इंच जाताना गोळी एकदा गरगरते, ही जोडी कधीच ठरून गेलीय. प्रश्न मात्र जुना आहे, आणि विचारला जातो थोडा चुकीचा.

1857 साली ज्या एन्फिल्ड रायफलच्या काडतुसांवरून आपल्याकडे भडका उडाला, तिचा पीळ 78 इंचांत एक फेरा, म्हणजे फारच सैल. नळी .577 इंचाची, गोळी 530 ग्रेनची, आखूड आणि जाड. त्याच वर्षी इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थची षट्कोनी नळीची रायफल तिच्याशी चाचणीत उतरली. गोळी पुन्हा 530 ग्रेनचीच, पण नळी .451ची, तेवढंच शिसं बारीक आणि लांब केलेलं. पीळ 20 इंचांत एक फेरा. वजन तेच, पीळ जवळजवळ चौपट! लांब पल्ल्यावर एन्फिल्ड साफ मागे पडली.

याचं गणित 1879 मध्ये इंग्लंडातल्या वूलविचच्या तोफखाना शाळेचे प्राध्यापक आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी मांडलं, तेही तोफखान्यासाठी. देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकत वाढलेल्या आपल्याला हे नातं जवळचं वाटावं. व्यासाचा वर्ग करा, 150ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. किती इंचांत एक फेरा हवा ते कळतं. शिशाची गोळी धरली की यात वजन येतच नाही. टू-टूचा व्यास .223 आणि लांबी साधारण .46 इंच धरून वहीत मांडून बघा, उत्तर 16च्या आसपास येतं.

लांब गोळीला हवा जास्त जोराने आडवी पाडू बघते, म्हणून तिला जास्त गरगरावं लागतं. पीळ कमी पडला की टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट फाट दिसते.

मग वजनाची भाषा कुठून आली? डब्यावर ग्रेन छापतात, लांबी नाही, एवढंच. एका व्यासाच्या, एकाच घडणीच्या गोळ्यांत वजनाबरोबर लांबी वाढते, त्यामुळे बहुतेकदा काम भागतं. पण दर वेळी नाही. अमेरिकेची एम-16 आधी 14 इंचांत एक फेरा होती. कडक थंडीत, दाट हवेत 55 ग्रेनची गोळी डगमगली, तेव्हा 12 केला. पुढे 1980च्या दशकात 62 ग्रेनची गोळी आली, तिला 9 पुरला असता. पण जोडीची ट्रेसर, म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणारी गोळी 64 ग्रेनची. फरक दोन ग्रेनचा, पण पोटातला जळणारा मसाला शिशाहून हलका, म्हणून ती बरीच लांब. तिच्यापायी पीळ 7वर न्यावा लागला.