शेटलंडचा ऑक्टोबर: बर्फ कमी, वारा फार

"उत्तरेकडची बेटं ऑक्टोबर लागताच बर्फाखाली जातात आणि मग तिथे सहा महिने रात्र असते," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. नकाशा पाहिला की तो खराच वाटतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेचं शेटलंड घेऊ. तिथलं लर्विक गाव ६० अंश उत्तरेला आहे. ऑक्टोबरमध्ये तिथला पारा साधारण ७ ते ११ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो. महिनाअखेरीस एखादी बर्फाची सर येते, पण टिकत नाही. जवळपास त्याच अक्षांशावरच्या रशियातल्या मगदानला मात्र तोवर पारा शून्याखाली उतरू लागतो.

फरक समुद्राचा. अटलांटिकमधला उबदार प्रवाह नैर्ऋत्येकडून इथवर पोचतो. उन्हाळ्यात तापलेलं पाणी सावकाश थंड होतं, त्यावरून येणारे पश्चिमी वारे बेटाला गोठू देत नाहीत. पण हेच वारे वादळं आणि तिरका पाऊस घेऊन येतात, त्यामुळे १० अंशही बोचतात. छत्रीचा तर काही उपयोगच नाही!

सहा महिन्यांची रात्र फक्त ध्रुवाजवळ. सूर्य अजिबात न उगवणारा दिवस अनुभवायला साधारण साडेसहासष्ट अंशांच्या पलीकडे जावं लागतं. लर्विकला ऑक्टोबरअखेरीसही दिवस सुमारे नऊ तासांचा असतो, डिसेंबरात तो सहा तासांच्या आत येतो.

पडताळायचं तर हवामानाच्या कुठल्याही संकेतस्थळावर लर्विक आणि मगदानची ऑक्टोबरची मासिक सरासरी शेजारी ठेवून पाहा. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळाही तिथेच मिळतील. एकाच दिवसाचा आकडा मात्र धरू नका.