स्वतःला इजा करणारी मुले आणि आत्महत्येचा धोका

मरण्याची इच्छा नसतानाही काही किशोरवयीन मुले-मुली स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करतात. जगभरातील अनेक पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार सुमारे १७ टक्के किशोरवयीनांनी कधी ना कधी असे केलेले असते. घरच्यांना हे कळले की ‘लक्ष वेधून घ्यायला चाललंय’ असे म्हणून विषय झटकला जातो, नाहीतर मूल आता जिवाचे बरेवाईट करणार या धास्तीने घर हादरून जाते. उपलब्ध संशोधन या दोन्ही समजुतींना छेद देते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास सुरू आहे. त्यातील ज्यांनी सोळाव्या वर्षी, मरणाचा हेतू नसताना, स्वतःला इजा केल्याचे सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे १२ टक्क्यांनी एकविसाव्या वर्षापर्यंत आत्महत्येचा प्रयत्न केला. म्हणजे बहुसंख्य त्या वाटेला गेले नाहीत. मात्र इजेच्या जोडीला आत्महत्येचे विचारही होते, त्यांच्यात हे प्रमाण पाचात एक इतके होते, आणि दोन्ही नसलेल्यांत ते जेमतेम एक टक्का. इजा करणाऱ्यांपैकी ज्यांना झोपेच्या तक्रारी होत्या किंवा जे गांजा व अन्य अमली पदार्थ घेत होते, त्यांचा धोका अधिक आढळला. झोप बिघडणे ही पालकांच्या सहज लक्षात येऊ शकणारी गोष्ट आहे, म्हणून तिचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो.

इजेमुळे रुग्णालयात यावे लागलेल्या, १० ते १८ वयोगटातील मुलांचे चित्र अधिक गंभीर आहे. हेतू कोणताही असो, अशा सर्वांची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडमधील अभ्यासात पुढच्या वर्षभरातील आत्महत्येचे प्रमाण त्या वयाच्या सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत तीसपटींहून अधिक निघाले. मुळात हे प्रमाण फार कमी असल्याने प्रत्यक्ष मृत्यू शंभरात एकाहूनही कमी होते. तरी रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा काळ सर्वाधिक जपण्याचा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

असे का होत असावे? बहुतेकांसाठी इजा हा असह्य भावनांचा ताण उतरवण्याचा प्रयत्न असतो. त्यातून मिळणारा दिलासा टिकत नाही आणि मागे लाज व अपराधीपणा उरतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, वारंवारच्या वेदनेमुळे मृत्यूची स्वाभाविक भीती बोथट होत जाते, आणि ‘माझे कोणी नाही’, ‘मी सगळ्यांना ओझे आहे’ या भावना तिला येऊन मिळाल्या की धोका वाढतो.

आत्महत्येविषयी विचारले तर मुलाच्या डोक्यात तो विचार भरेल, ही भीती निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवरील २००५ च्या प्रयोगात असे प्रश्न विचारल्याने मुलांची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत. म्हणून न रागावता, शपथा न घालता, थेट विचारावे आणि शांतपणे ऐकावे. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी या उपचारपद्धतीत तीव्र भावना हाताळायला शिकवतात आणि किशोरवयीनांमध्ये तिने इजेचे प्रमाण घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. भारतात १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही, समुपदेशकाशी बोलता येते. पालकही तेथे फोन करू शकतात. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल, तर मुलाला एकटे न सोडता लगेच रुग्णालयात न्यावे.