इंजेक्शनच्या ऑफ-रोड मोटारसायकलचे संथ वेगात बंद पडणे

फ्युएल इंजेक्शन असलेल्या मोटारसायकलचे इंजिन माणसाच्या चालीइतक्या वेगात, रेस सोडताच किंवा क्लच दाबताच थांबण्याचा दोष. पुणे-सोलापूर महामार्गावर ८०च्या वेगाने हीच गाडी कुरकुरत नाही. करमाळ्याकडे उजनीच्या फुगवट्याकाठची गाळवट, बार्शी तालुक्यातले बालाघाटाचे दगडी उतार किंवा ओढ्यातली वाट लागली, की दर वळणाला सेल्फ मारावा लागतो. शहरात हा निव्वळ वैताग ठरतो. चढावर मात्र इंजिन गेले की तोल सावरायला वेगही उरत नाही आणि रेसही, त्यामुळे गाडी आडवी होते.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि हवेत पेट्रोल मिसळणारा जुना कार्बोरेटर नव्या दुचाकींतून जवळपास हद्दपार झाला. त्याआधीही काही गाड्यांनी ही वाट धरली होती. २०१६ साली कार्बोरेटरसह आलेल्या रॉयल एन्फील्ड हिमालयनला पुढच्याच वर्षी इंजेक्शन मिळाले, आणि २०१९ची हिरो एक्सपल्स २०० कार्बोरेटर आणि इंजेक्शन अशा दोन्ही रूपांत आली. कार्बोरेटरच्या गाडीचा ‘स्लो’, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, वाढवायला एक स्क्रू आणि सरावलेला कान पुरेसा होता. इंजेक्शनच्या गाडीतही मिस्त्रीचा हात सवयीने थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा उघडझाप करणाऱ्या चकतीच्या, स्टॉप-स्क्रूकडे जातो, पण तो कारखान्यात बसवलेला असतो. तो फिरवला की थ्रॉटल बंद असल्याची ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) खूणगाठच चुकते, आणि एका दोषाचे दोन होतात.

बहुतेक ऑफ-रोड गाड्यांना एकच मोठा सिलिंडर असतो. मिनिटाला १३०० ते १६०० फेऱ्यांच्या आयडलवर (म्हणजे ‘स्लो’वर) थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते आणि हवा एका बारीक वाटेने आत जाते. ती वाट कमीजास्त करणारा छोटा व्हॉल्व्ह ईसीयूच्या हुकमावर चालतो. राइड-बाय-वायर (केबलऐवजी विजेच्या मोटरने थ्रॉटल उघडण्याची सोय) असलेल्या गाड्यांत हेच काम मुख्य चकती करते. इथे हवेत झालेली लहानशी घटही मोठी ठरते. त्यातच वेगात असताना रेस सोडली की ईसीयू पेट्रोल बंद करते आणि फेऱ्या ठरावीक आकड्यापर्यंत उतरल्यावर पुन्हा सोडते. त्या क्षणी पुरेशी हवा मिळाली नाही, तर फेऱ्या आयडलच्या खाली घसरतात आणि इंजिन उभे राहते. म्हणूनच ‘रेस सोडली की बंद पडते’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते.

काहीही खोलण्याआधी गाडी कशी बंद पडते ते नीट पाहावे. निम्मे निदान तिथेच होते. चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात गेली, तर संशय विजेवर घ्यावा: साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, बॅटरीचे सैल टर्मिनल. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल अडकतो, आणि गाडी गिअरमध्ये असताना तो क्षणभर जरी चुकला तरी ईसीयू इंजिन बंद करते. गाडी आडवी पडल्यावर चालू होत नसेल, तर तो बिघाड नसतो. गाडी कलंडल्याचे ओळखणाऱ्या सेन्सरने इंजिन बंद केलेले असते. चावी बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक गाड्यांत तो मोकळा होतो. याउलट इंजिन धापा टाकत, फेऱ्या हळूहळू उतरत गेले, तर हवा, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशन पाहावे. न्यूट्रलमध्ये ठीक असलेली गाडी पहिला गिअर टाकून क्लच दाबलेला असतानाही दबकत थांबत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबलचा ढिलेपणा जुळवण्याचे ते पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यासाठी इंजेक्टर धुऊन घेणारे कमी नाहीत.

सोलापूरच्या परिसरात पहिला मान धुळीचा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दळलेल्या वाटांवरचा फुफाटा एअर फिल्टर लवकर बुजवतो. मॅन्युअलमधले अंतर डांबरी रस्त्याचे असते, इथे त्याच्या निम्म्यावरच फिल्टर उघडून बघावा. त्याहून नडतो तो थ्रॉटल बॉडीतला काळा थर. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ आणि फिल्टरच्या कडेने निसटलेली बारीक माती यांचा लेप चकतीच्या काठावर आणि आयडलच्या वाटेत बसतो. तेल खुणेपेक्षा जास्त भरले असेल किंवा गाडी वारंवार पडत असेल, तर तो झपाट्याने वाढतो. थ्रॉटल बॉडी क्लीनर मऊ फडक्यावर घेऊन काठ पुसावा. घासणीने खरवडू नये, कारण काही चकत्यांवर बारीक लेपन असते. साफ केल्यावर ईसीयूला नवे आयडल शिकवावे लागते, आणि त्याची रीत प्रत्येक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळी असते. ही पायरी गाळली की सफाईनंतर गाडी आधीपेक्षाही वाईट चालते, आणि दोष सफाईच्या माथी बसतो.

गाडी थंड असताना मुकाट चालते, तापली की संथ वेगात बंद पडते आणि लगेच चालूही होत नाही, असे असेल तर टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची फट, तपासावेत. झिजत चाललेल्या बैठकीमुळे व्हॉल्व्हची फट कमी होते, इंजिन तापले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कमी फेऱ्यांवर कॉम्प्रेशन गळते. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून तो ध्यानातही येत नाही. ‘टॅपेट वाजत नाहीत, मग सेटिंग कशाला’ हा गैरसमज गॅरेजांत मुरलेला आहे. फट नेहमी थंड इंजिनावर मोजतात. स्क्रूचे टॅपेट असतील तर काम सोपे, शिम (फट जुळवणाऱ्या ठरावीक जाडीच्या चकत्या) असतील तर वेळखाऊ. एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या वर गेल्यावर हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हा दोष हमखास उघडा पडतो.

थ्रॉटल बॉडी आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड उन्हाने तडकला, तर इंजिन बाहेरून ‘हवा घेते’ आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. आयडलवर त्या जोडावर पाण्याची बारीक फवारणी करावी. फेऱ्या बदलल्या तर गळती सापडली. यासाठी पेट्रोलचे थेंब टाकण्याची पद्धत आगीला आमंत्रण आहे.

पेट्रोलच्या बाजूने टाकीतल्या पंपाचा दाब पाहतात. तो बहुतेक गाड्यांत २.५ ते ३.५ बारच्या दरम्यान असतो. दाब कमी असेल तर आधी गाळणी, मग पंप. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलचे नवल कोणाला नाही, पण ई-२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) हिशेब वेगळा आहे. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, मात्र तो तापेपर्यंत नाही. त्यामुळे जुन्या गाड्या सकाळी पहिली काही मिनिटे अडखळू शकतात. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचू शकते, तेव्हा इंजेक्टरला हात लावण्याआधी टाकी रिकामी करावी.

पावसात काळ्या रानात बंद पडणाऱ्या गाडीत मात्र बहुधा काहीच बिघडलेले नसते. मंगळवेढ्याकडची चिकण माती चाक आणि मडगार्ड यांच्यात गच्च बसते आणि चाकच अडते. मडगार्ड वर घेणे हाच तिथला उपाय. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावर तर गाडीची परीक्षा घ्यायला जाऊच नये, तो माळ पक्ष्यांचा आहे.

स्कॅनर लावून ईसीयूत बिघाडाचा कोड दिसला नाही म्हणजे गाडी निर्दोष, असेही नाही. घट्ट टॅपेट किंवा मळकी चकती यांचा कोड सहसा उमटतच नाही. सेन्सरला फसवून मिश्रण जाड करणारे ‘बूस्टर’ आणि ईसीयूचे रीमॅप (त्याच्या सेटिंगमधले बदल) बाजारात मिळतात. पातळ मिश्रणाचा अडखळा त्यांनी कमी होतो, पण धुराचे प्रमाण बिघडते, वॉरंटी जाते आणि मूळ कारण झाकले जाते. सगळे तपासूनही चालीच्या वेगात इंजिन दबत असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करावा. १५ऐवजी १४ दात लावले की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सुमारे ७ टक्के वाढतात, आणि क्लच अर्धा धरून ठेवण्याची गरज कमी होते. बदल्यात महामार्गावर इंजिन थोडे जास्त ओरडते.