मोटरसायकल इंजिनाची टर्बोबांधणी (नागपूर)

कारखान्यातून बिनटर्बोचे आलेले मोटरसायकलचे इंजिन पूर्ण खोलून, टर्बोचार्जरचा वाढीव दाब आणि उष्णता सोसेल असे पुन्हा बांधण्याचे काम. टर्बो चढवणे हा त्यातला सोपा भाग; कस लागतो तो पिस्टन, हेड, तेल आणि इग्निशनमध्ये. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा गावी या बांधणीतले बहुतेक निर्णय उन्हाळाच घेतो.

एक्झॉस्टच्या वायूवर फिरणाऱ्या टर्बाइनने इंजिनात हवा कोंबायची, ही टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. तिचे पेटंट १९०५ चे. मोटरसायकलवर ती १९८० च्या दशकात थोडा काळ गाजली. होंडाची सीएक्स५०० टर्बो आणि यामाहाची एक्सजे६५० टर्बो १९८२ मध्ये आल्या, मागोमाग सुझुकीची एक्सएन८५ आणि कावासाकीची ७५० टर्बो. मग हा खेळ आटोपला. होंडाने तेव्हा केलेला एक बदल मात्र आजही धडा म्हणून उपयोगी आहे : साध्या सीएक्स५०० चे कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो ते प्रमाण) १०:१ होते, टर्बो आवृत्तीत ते ७.२:१ वर आणले. आधीच जास्त दाबणाऱ्या इंजिनात दाबलेली हवा भरली, तर ठिणगीने लावलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात आणि पिस्टनला भोक पडते ते बहुधा यानेच.

उन्हाचा हिशेब : हवा दाबली की तापते. अर्धा बार (म्हणजे वातावरणाच्या साधारण निम्म्याइतका) जादा दाब आणि टर्बोचा हवा दाबणारा भाग, कॉम्प्रेसर, ६५ टक्के कार्यक्षमतेचा धरला, तर २५ अंशांची हवा सुमारे ८० अंशांवर जाते. नवतपातली ४५ अंशांची हवा सुमारे १०५ अंशांवर. तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाब दीडपट वाढला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा वस्तुमानाने सव्वापटीच्या थोडी वरच वाढते, आणि नॉकिंगचा धोका मात्र पुरेपूर पदरात पडतो. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने) हीच हवा ६० अंशांपर्यंत उतरवली, तर वाढ १.४ पटीवर जाते. पण मोटरसायकलवर त्याला जागा कुठे, आणि सीताबर्डीच्या सिग्नलला उभ्या गाडीला वारा कुठला? म्हणून नागपुरात जानेवारीत जुळवलेले ठिणगीचे टायमिंग मे महिन्यासाठी भरवशाचे नसते. दाब वाढेल तशी ठिणगी उशिरा द्यावी लागते, आणि उन्हाळ्यात त्याहून थोडी आणखी उशिरा.

कॉम्प्रेशन उतरवणे : युनिट बांधणीच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) ३५० सीसी बुलेटचे उदाहरण घेऊ. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, क्षमता ३४६ घनसेंमी, कॉम्प्रेशन ८.५:१. म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या माथ्यावर सुमारे ४६ घनसेंमी जागा उरते. ७:१ साठी ती ५८ च्या आसपास हवी. सिलिंडरखाली ३ मिमी जाडीची प्लेट घातली की हिशेब जुळतो आणि कोणताही लेथवाला ती कापून देतो. म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. सिलिंडर वर उचलला की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्या, म्हणजे पुशरॉड, तेवढेच आखूड पडतात. व्हॉल्व्ह ढकलणारा कॅम हेडमध्ये असलेल्या इंजिनात टायमिंग चेन पुरत नाही आणि कॅमचे टायमिंगही मागे पडते. शिवाय ज्या इंजिनात पिस्टनचा काठ हेडला जवळजवळ भिडून मिश्रण मध्यभागी ढकलतो, तिथे ती फट रुंदावते आणि नॉकिंग उलट वाढू शकते. माथ्याला वाटीसारखा खोलगट असलेला फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन महाग पडतो, पण काम तोच नीट करतो. मूळ ओतीव पिस्टनचा माथा लेथवर खरवडून पातळ करणे हा तिसरा मार्ग टाळावा.

पिस्टनवरच्या रिंगांच्या टोकांमधली फटही नेहमीपेक्षा मोठी ठेवतात. ७० मिमी बोअरला एरवी ०.२८ मिमी चालते, टर्बोला ०.३५ ते ०.४२ मिमी लागते, कारण तापून टोके एकमेकांना भिडली तर रिंग सिलिंडर ओरबाडते. वाढीव ताकद पेलायला क्लचला कडक स्प्रिंगा लागतात, हे वेगळे सांगायला नको.

एका सिलिंडरची अडचण : होंडाला दोन आणि बाकी तीन कंपन्यांच्या गाड्यांना चार सिलिंडर होते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या. त्यात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच एक्झॉस्ट सुटतो आणि एकदाच हवा ओढली जाते, त्यामुळे टर्बाइन धक्क्याधक्क्याने फिरते. कॉम्प्रेसर आणि इंजिन यांच्यामध्ये इंजिनाच्या क्षमतेच्या काही पट मोठी हवेची टाकी बसवली की प्रवाह बराच सलग होतो.

तेल आणि पेट्रोल : टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. रोलर बेअरिंगच्या क्रँकला फार तेलदाब लागत नाही, म्हणून अशा इंजिनाचा पंप टर्बोला पुरेलच असे नाही. परतीची नळी जाड आणि सतत उताराची हवी. टर्बो तेलाच्या पातळीखाली लटकला, तर तेल परत ओढायला दुसरा पंप लागतो. जोरात पळवलेली गाडी लगेच बंद केली तर बेअरिंगमधले तेल करपते. मिनिटभर आयडलवर ठेवून मग किल्ली फिरवावी. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मात्र इथे कामाला येते : इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही आणि उडताना हवा थंड करते. त्यात ऊर्जा कमी असल्याने कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रे) मोठे करावे लागतात आणि जुने रबरी पाइप बदलावे लागतात.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतील नोंद उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशी होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नंबरप्लेट एमएच ३१ ची असो की एमएच ४९ ची, अशी गाडी रस्त्यावर काढता येत नाही. आणि नागपुरातून निघणारा सर्वांत सरळ, मोकळा रस्ता, म्हणजे समृद्धी महामार्ग, तर बिनटर्बोच्या दुचाकीलाही बंद आहे.