शाई कुणी पसरवली?

संथ, एकसारख्या वेगाने वाहणारा पाट डोळ्यांसमोर आणा. त्यात एका जागी 100 ग्रॅम शाई ओतली आणि ती पाण्यात मुळीच विरत नाही असं धरलं, तर ती एकगठ्ठा पुढे सरकत राहील. संगणकाला मात्र अखंड पाट हाताळता येत नाही. तो पाटाचे कप्पे पाडतो आणि वेळेचेही तुकडे करतो.

समजा, वेळेच्या एका तुकड्यात पाणी अर्धा कप्पा पुढे जातं. सर्वांत साधी रीत अशी: दर वेळी प्रत्येक कप्प्यातली निम्मी शाई पुढच्या कप्प्यात ढकलायची. कागदावर करून बघाच. पहिल्या खेपेला 50, 50. दुसऱ्या खेपेला 25, 50, 25. चौथ्या खेपेला 6.25, 25, 37.5, 25, 6.25. खरं तर चार खेपांत पाणी दोन कप्पे पुढे गेलं, म्हणजे सगळी शाई तिसऱ्या कप्प्यात हवी. तिथे आहे फक्त 37.5 ग्रॅम. बेरीज चोख 100 भरते, मध्यही जागच्या जागी आहे, तरी शाई पसरली; आणि ती पाण्याने नव्हे, आकडेमोडीने पसरवली. मला हीच चूक सर्वांत घातक वाटते, कारण ती दिसायला देखणी असते. पडद्यावरच्या मऊ, गुळगुळीत रंगछटा पाहून कुणाला शंकाच येत नाही.

आता वेळेचा तुकडा चौपट करा, म्हणजे पाणी एका खेपेत दोन कप्पे जाईल. तेच सूत्र आता प्रत्येक कप्प्यातून तिथल्या शाईच्या दुप्पट शाई पुढे ढकलतं आणि पहिल्या खेपेला उणे 100 आणि 200 देतं, दुसऱ्या खेपेला 100, उणे 400 आणि 400. उणे शाई! कूरांट, फ्रिड्रिख्स आणि लेवी या गणितज्ञांनी ही मर्यादा 1928 मध्येच दाखवली होती: या रीतीत पाण्याने एका खेपेत एका कप्प्यापलीकडे जाता कामा नये. ही चूक निदान लपून राहत नाही.

जास्त अचूक सूत्रं आहेतच, पण शाईच्या तीव्र कडेपाशी ती खोट्या लाटा उठवतात. सूत्र एकरेषीय, म्हणजे सगळीकडे तेच ठरावीक गुणक वापरणारं असेल, तर शाई पसरणं किंवा खोट्या लाटा यांपैकी एक पत्करावंच लागतं, हे रशियन गणितज्ञ गोदुनोव यांनी 1959 मध्ये सिद्ध केलं. म्हणून आजची सूत्रं कड जवळ आली की सावध होतात आणि एरवी अचूक चालतात.

राहिला उपाय कप्पे बारीक करण्याचा. तिन्ही दिशांनी निम्मे केले की कप्पे 8 पट होतात, वेळेचे तुकडेही निम्मे करावे लागतात, म्हणजे काम 16 पट. एवढं करून साध्या रीतीची चूक फार तर निम्मी होते. तरीही प्रवाहाचं कुठलंही संगणकीय चित्र समोर आलं की मी आधी एवढंच विचारते: कप्पे निम्मे केल्यावर उत्तर किती हललं?