बीटी कपाशीमागचे दोन जिवाणू

२०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी पोखरली. तेव्हाचा बहुतेक वाद बियाण्याच्या पाकिटाभोवतीच फिरला. या प्रश्नाची मुळे मात्र दोन रोगांत आहेत, एक किड्यांचा आणि एक झाडांचा.

१९०१मध्ये जपानच्या इशिवाता शिगेताने यांना पटापट मरणाऱ्या रेशीमकिड्यांत एक जिवाणू सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंजियातल्या पिठातल्या अळ्यांत तोच आढळला. म्हणून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, आपला ‘बीटी’. बीजाणू धरताना तो प्रथिनाचा स्फटिक बनवतो. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात तो विरघळतो आणि तिचेच पाचकरस त्याला जागे करतात. मग ते प्रथिन आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे त्याला चिकटू देणाऱ्या रेणूंना, धरून भोके पाडते. ज्याच्या आतड्यात अशी ग्राही नाही, त्याला ते बाधत नाही.

दुसरा जिवाणू ॲग्रोबॅक्टेरियम. झाडांवरच्या गाठी त्याच्यामुळे होतात, हे १९०७मध्ये अमेरिकेत एर्विन स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवले. पुढे आर्मिन ब्राउन यांना दिसले की जिवाणू नाहीसा झाला तरी गाठ वाढतच राहते. मला या साऱ्या इतिहासात हेच कोडे सर्वांत विलक्षण वाटते. १९७७मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांना गाठीच्या पेशींत जिवाणूचा डीएनए सापडला. आपली जनुके झाडात पेरून तो झाडाकडूनच स्वतःचे अन्न बनवून घेतो!

हीच वाट वापरून बीटीच्या त्या विषारी प्रथिनाचे जनुक कपाशीत घातले गेले. भारतात २००२मध्ये परवानगी मिळाली आणि २००६मध्ये दुसऱ्या जनुकाची जोड आली. पण गुलाबी बोंडअळी जवळपास कपाशीवरच जगते. विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून बांधालगत लावायच्या बिगरबीटी ओळी क्वचितच लागल्या. लांब मुदतीचे संकरित वाण आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतरही शेतात ठेवलेली कपाशी, यांमुळे अळीला महिनोन्‌महिने खाद्य मिळत राहिले. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. कमी मुदतीचे सरळ (संकरित नसलेले) वाण त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचलेच नाहीत.

२०१०मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणाऱ्या अळ्या असल्याचे जाहीर झाले. भारतातल्या अशा अळ्यांत कॅडहेरिन या ग्राहीचे जनुक बिघडलेले आढळले. विष आतड्यात पोहोचत होते, पण त्याला चिकटायला जागाच उरली नव्हती.