पार्श्वभूमी : बर्फावरचे वादग्रस्त निकाल आणि खिलाडूवृत्ती

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात स्केटिंग म्हणजे चाकांवरचे, आणि शर्यत असली की निकाल घड्याळ लावते. बर्फावर उड्या-गिरक्या घेत करायच्या फिगर स्केटिंगमध्ये तो माणसे लावतात, म्हणून वाद या खेळाच्या पाचवीलाच पुजलेला. १९२७ च्या ऑस्लोतील जागतिक स्पर्धेत ५ पैकी ३ परीक्षक नॉर्वेचे होते आणि तिघांनीही आपल्याच मुलीला पहिले ठरवले. पुढे एका देशाचा एकच परीक्षक असा नियम आला. हरलेल्या ऑस्ट्रियन खेळाडूने मात्र स्पर्धांनाच रामराम ठोकला.

आज ज्या निकालाचा दाखला सगळेच देतात, तो २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधला. ११ फेब्रुवारीला जोड्यांच्या अंतिम फेरीत रशियन जोडीतला पुरुष एका उडीवरून उतरताना अडखळला. कॅनडाच्या जोडीने चूक केली नाही. तरीही ९ पैकी ५ परीक्षकांनी रशियाला पहिले ठेवले. तेव्हाच्या ६.० पद्धतीत (६.० म्हणजे परीक्षक देऊ शके ते सर्वाधिक गुण) गुणांची बेरीज महत्त्वाची नसे. किती परीक्षकांनी कोणाला वर ठेवले, एवढेच पाहिले जाई. एक मत फिरले की सुवर्ण फिरले. फ्रान्सच्या परीक्षकाने दबावाखाली रशियाला मत दिल्याचे सांगितले, मग ते नाकारलेही. १५ फेब्रुवारीला कॅनडालाही सुवर्ण जाहीर झाले. रशियाचे काढून घेतले नाही.

कौतुक बहुधा कॅनडाच्या वाट्याला येते. रौप्य स्वीकारताना त्यांनी थयथयाट केला नाही, हे खरेच. पण जास्त अवघड जागी रशियन जोडी होती. गैरप्रकाराचा ठपका त्या दोघांवर नव्हता, तरी जिंकलेल्या पदकाकडे जग संशयाने पाहू लागले. १७ फेब्रुवारीला ते दुसऱ्या पदक समारंभाला आले, दोन्ही राष्ट्रगीते वाजली, चौघे एकत्र उभे राहिले. कांस्य मिळवलेली चिनी जोडी फिरकली नाही. आपल्याकडे आनंदवाडीच्या आखाड्यात लांबलेली कुस्ती बरोबरीत सोडवतात, पण दोन्ही मल्ल मातीत असताना. इथे एकाचा हात वर केल्यावर चार दिवसांनी ती बरोबरीत सोडवली. पुढे या दोन्ही जोड्या व्यावसायिक प्रयोगांच्या एकाच दौऱ्यात दिसल्या.

१९९४ ला जपानमधल्या जागतिक स्पर्धेत ५-४ ने हरलेल्या फ्रेंच खेळाडूने गळ्यातले रौप्य काढले, तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली होती. तिचा राग पोकळ होता असे आज कोणी ठामपणे म्हणणार नाही.

२००२ च्या घोटाळ्यानंतर उडी, गिरकी अशा प्रत्येक घटकाला वेगळे गुण देणारी पद्धत आली. सोबत कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हेही झाकले गेले, आणि हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरला. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये यजमान रशियाच्या मुलीला २२४.५९, तर गतविजेत्या कोरियन खेळाडूला २१९.११ गुण मिळाले. कोरियात निकालाची चौकशी मागणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर लाखोंनी सह्या केल्या. खुद्द रौप्यविजेती शांत राहिली आणि तिने निवृत्ती घेतली.

हा संयम मोजताना एक नियमही पाहावा लागतो. परीक्षकाने केलेल्या मूल्यमापनावर खेळाडूला दाद मागताच येत नाही. हरकत चालते ती बेरजेतल्या चुकीवर. परीक्षकांची गुप्तता २०१६ मध्ये उठली, पण ही अट तशीच राहिली.